फिलिमोनचा खांदा

स्तुपारेनी गावात फिलिमोनइतका मानाचा माणूस दुसरा नव्हता आणि त्याच्याइतका अडकलेलाही दुसरा नव्हता. दोन्हींचं कारण एकच. या गावात त्याचं रक्ताचं कुणी नव्हतं.

कसं ते ऐका. आमच्या मोल्दोवातल्या या टेकड्यांमध्ये रीत अशी की, गेलेल्या माणसाला रक्ताच्या नातेवाइकानं खांदा द्यायचा नाही, त्याचा खड्डाही खणायचा नाही. घरच्यांनी मागून रडत चालायचं, पुढचं काम परक्यानं करायचं. ज्यानं ही रीत बांधली त्याच्या काळी गावात तरण्या माणसांचा सुकाळ होता. एका मयताला दहा खांदे पुढं यायचे आणि मागं सरकवलेले सहा जण चिडून घरी जायचे. पुढं बायका इटलीला गेल्या, पुरुष रशियाला, मग जर्मनीला, मग पोरं त्यांच्या मागं गेली. मागं राहिले म्हातारे. आणि राहिलेले सगळे एकमेकांचे चुलत, मावस, आते. कुणाच्याही मयताला उभे राहा, अर्धं गाव सुतकात.

फिलिमोनला मात्र त्याच्या आईनं कडेवर घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेलं. ती इथं सामुदायिक शेतीच्या गोठ्यावर कामाला लागली, इथंच वारली. चुलता नाही, मावशी नाही. लहानपणी ईस्टरला बाकीची पोरं काकांच्या, आत्यांच्या घरी लाल अंडी गोळा करत फिरायची आणि हा फाटकावर बसून राहायचा. तेव्हा पोरकेपणाचं त्याला रडू यायचं. आता पन्नाशी ओलांडल्यावर तोच पोरकेपणा गावाची ठेव होऊन बसला. गावात कुणीही गेलं तरी चालणारा खांदा एकच, आणि तो बैलासारखा.

बाकीचे तीन खांदे म्हणजे गोळाबेरीज. एक त्रोहिम, ट्रॅक्टरवाला, डाव्या पायानं लंगडा. दुसरा कोस्तांदी दुकानदार, गागाउझ या तुर्की बोलणाऱ्या जातीचा, बुटका, म्हणून त्याच्या खांद्यावर घडी केलेलं गोणपाट ठेवावं लागे. तिसरा चर्चची घंटा वाजवणारा, तो खांद्यापेक्षा उसाशांनीच पेटी वर धरायचा. एकदा फिलिमोन तापानं पडला होता, तर शेजारच्या गावातून चौघं भाड्यानं आणले. त्यांनी अर्ध्या वाटेवर, कोस्तांदीच्या दुकानासमोर पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, चढ बोलीत नव्हता. गेलेला माणूस तासभर दुकानाच्या पायरीशी पडून होता आणि त्याची बहीण त्याच्या बाजूनं घासाघीस करत होती. तेव्हापासून बाहेरच्यांचं नाव कुणी काढलं नाही. गाडीनं न्यावं तर टेकडीचा रस्ता चिकणमातीचा. बर्फ वितळू लागला की त्यात त्रोहिमचा ट्रॅक्टरसुद्धा गुडघे टेकतो.

गावात राहतं तरी कोण, हे सरकारलाही नीट कळलेलं नाही. मागच्या शिरगणतीला शहरातून एक मुलगी आली होती. पारस्किवा काकूंच्या घरी गेली. काकू एकट्या, मक्याची कणसं सोलत बसलेल्या.

"घरात किती माणसं, आजी?"

"आठ."

मुलीनं इकडंतिकडं पाहिलं. "बाकीचे सात कुठं आहेत?"

"कामावर गेलेत."

"कधी येतील?"

"आता मी काय सांगू बाई? थोरला जाऊन चौदा वर्षं झाली. बस की, पाणी आणते."

तिथून ती त्रोहिमकडं गेली. तुम्ही कोणत्या जातीचे, असं तिनं विचारलं. त्रोहिम म्हणाला, "बाप युक्रेनी, आई बल्गेरियन, बायको गागाउझ होती. शिव्या मी रशियनमध्ये देतो, पैसे मोल्दोवन माणसासारखे लपवतो. आता तूच ठरव आणि मलाही सांग." मुलीनं त्याच्याकडं दोन पेले वाइन घेतली आणि कपाळ धरून बसली. पण मरताना सगळ्या जाती एकाच टेकडीवर जायच्या, आणि टेकडीवर न्यायचं तर फिलिमोन पाहिजे, एवढं त्या मुलीला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून गावातल्या म्हाताऱ्या बायका फिलिमोनला जपायच्या. कुणी लोकरीचे मोजे विणून द्यायची, कुणी अंडी, कुणी जर्दाळूची दारू. त्यानं फावडं हातात घेतलं की, "पाठ सांभाळ रे बाबा!" तो चर्चच्या छपरावर कौलं शाकारायला चढला तेव्हा खाली पाच जणी पदर पसरल्यासारख्या शाली पसरून उभ्या. खांदेकऱ्याच्या दंडाला नवा टॉवेल बांधायचा आणि तो त्यालाच द्यायचा, असा मान. फिलिमोनच्या घरी त्या टॉवेलांनी एक अख्खा संदूक भरला होता. हॉटेल काढलं असतं तरी पुरले असते.

त्याची बायको राइसा इटलीत, पादोवाला. अकरा वर्षं तिनं परक्यांचे म्हातारे सांभाळले. त्यांच्याच घरात, त्यांच्याच स्वयंपाकघरामागच्या खोलीत ती झोपायची. नवऱ्याला बोलवायची सोय नव्हती. त्या हिवाळ्यात मात्र तिनं पहिल्यांदा स्वतःच्या नावानं दोन खोल्या घेतल्या. फोनवर तिनं कुलपात किल्ली फिरवल्याचा आवाज ऐकवला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"ही माझी किल्ली आहे. टोमॅटोच्या हरितगृहात तुझ्या कामाचं बोलून ठेवलंय. ईस्टरच्या आत ये."

"येतो."

"गेल्या वर्षी खोली शोधते म्हणाले तेव्हाही येतो म्हणालास. फिलिमोन, मी पन्नास वर्षांची झाले. रोज संध्याकाळी एका भिंतीशी बोलते. ईस्टरला ही दुसरी खोली रिकामी दिसली तर मी कुणीतरी बाई भाडेकरू ठेवीन, आणि मग तू येऊच नकोस. कधीच."

राइसा धमकी देणारी बाई नव्हे. ती एकदा सांगायची.

इटलीची छोटी बस शनिवारी सकाळी चौकात यायची. माणसं कमी, पार्सलं जास्त. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारसाठी फिलिमोननं जागा सांगितली, मोठी पिशवी भरली. गुरुवारी चर्चची घंटा वाजली. म्हातारे गेराशिम गेले. तिसऱ्या दिवशी मूठमाती, म्हणजे शनिवारी. त्यानं पिशवीतून कामाचे बूट परत काढले.

पुढच्या आठवड्याला पुन्हा जागा सांगितली. या वेळी कुणी मेलं नाही, पण शुक्रवारी गेराशिमांची बायको दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, काही मागितलं नाही. नुसती म्हणाली, "माझ्याच्यानं त्यांच्याशिवाय राहवेल असं वाटत नाही. तू जाणार म्हणतात. जा बाबा. तुझंही आयुष्य आहे." आणि चीज भरलेल्या गरम रोट्यांची टोपली ठेवून गेली. फिलिमोननं रोट्या खाल्ल्या, आणि शनिवारी बस त्याच्याशिवाय गेली. बाई पुढं सहा वर्षं जगली, हे वेगळं.

त्रोहिम त्याला म्हणाला, "लेका, तू खांदेकरी नाहीस. तू खुंटा आहेस. गाय दावं तोडून जाते, खुंटा कुठं जातो?"

"मग तू धर की माझी बाजू!"

"माझी बाजू धरून माझा पाय गेला, आता तुझी धरून काय घालवू?"

फिलिमोन हसला, पण घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. खिडकीतून रस्ता दिसायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या फाटकांची घरं, बहुतेकांना कुलपं. इटलीच्या पैशांतून बांधलेली काही घरं तर तो राहत होता त्याच्या तिप्पट मोठी, आणि आत कुणी नाही. उघडी घरं ओळखायची खूण म्हणजे धूर. त्यातल्या प्रत्येक धुराखाली कुणीतरी बसून त्याच्या येण्याची वाट पाहतंय, असं त्याला वाटे. जिवंतपणी नव्हे. नंतर. गावात चालताना त्याची मान आपोआप खाली जायची, जणू खांद्यावर आत्ताच कुणी आहे.

ईस्टरच्या आतली शेवटची बस पवित्र आठवड्याच्या आदल्या शनिवारची होती. गुरुवारी पहाटे घंटा वाजली आणि फिलिमोन अंथरुणातच म्हणाला, "नाही. नाही. नाही." अगाफिया गेल्या होत्या. पारस्किवा काकूंची धाकटी बहीण. त्यानं राइसाला फोन लावला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"शनिवारी का?"

"शनिवारी."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ते 'बरं' त्याला शिवीपेक्षा लागलं.

शनिवारी अगाफियाबाईंना उचललं तेव्हा चिखल घोट्याच्या वर होता. चढावर दोनदा पेटी कलली. तिसऱ्यांदा घंटावाल्याचा पाय सरकला आणि अर्धा भार एकट्या फिलिमोनवर आला. मागून बायांचा आवाज एकदम थांबला. रडणंसुद्धा. त्यानं दात आवळले, गुडघा चिखलात रुतवला आणि तो तसाच राहिला. कोस्तांदीनं घंटावाल्याला कॉलर धरून उभं केलं तेव्हा कुठं रडणं पुन्हा सुरू झालं. वर पोचल्यावर फिलिमोननं पाठ सरळ केली, वळून पाहिलं, तर रडणाऱ्या बायांच्या मागं, प्रवासाचा कोट घालून, चिखलात शहरी बूट रुतवून राइसा उभी होती. तीच बस तिला घेऊन आली होती, जी त्याला न्यायला आली होती.

"मी बघायला आले," ती म्हणाली, "की हे नक्की काय आहे जे माझ्याहून जड आहे."

"बघितलंस?"

"बघितलं." तिनं त्याच्या कोटावरचा चिखल नखानं खरवडला. "बस दुपारी परत जाणार आहे. ड्रायव्हरला जेवायला बोलावलंय म्हणजे पळणार नाही."

मयताचं जेवण पारस्किवा काकूंच्या अंगणात. लांब टेबल, मक्याचा घट्ट मामालिगा दोऱ्यानं कापलेला, कोंबडीचा आंबटसर रस्सा, कोबीच्या पानातला भात, घरची वाइन. टेबलाला दहा-बारा म्हाताऱ्या आणि बोटांवर मोजण्याइतके पुरुष. राइसा तिसऱ्या घासाला उठून उभी राहिली.

"बायांनो, मला माझा नवरा पाहिजे."

पारस्किवा काकूंनी, कुणी शिडी उसनी मागावी तशा स्वरात विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"उन्हाळाभर. द्राक्षतोडणीला परत आणून देते. हिवाळा तुमचा, उन्हाळा माझा."

"आणि मधे कुणी गेलं तर?"

"मधे कुणी जायचं नाही."

त्रोहिमच्या नाकात वाइन गेली. पाद्री घसा खाकरून म्हणाले, "राइसा, मरण काही माणसाच्या हातात नसतं."

"फादर, तुम्ही रस्सा घ्या, गार होतोय. मी अकरा वर्षं म्हातारी माणसं सांभाळलीत. म्हातारं माणूस मनात आलं की जातं, आणि मनात नसलं की दारात वर्षभर उभं राहतं पण उंबरा ओलांडत नाही. खोटं असेल तर सांगा."

म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. शेवटी गेराशिमांची विधवा हळूच म्हणाली, "माझी कोंबडी खुडूक बसलीय. मला तसाही वेळ नाही."

"मला डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय," दुसरी म्हणाली. "एवढी वाट बघून मिळालेली तारीख मी फुकट घालवणार नाही."

"माझी नात ऑगस्टमध्ये पोर्तुगालहून येणार आहे म्हणते. आली नाही तर बघू."

"बघू नाही, वेरोनिका काकू. शब्द."

"बरं, शब्द."

एकेकीनं छातीवर क्रॉस काढून शब्द दिला, जशी दूध घालायची पाळी ठरवावी तशी. ड्रायव्हर खाता खाता थांबून तोंड उघडं टाकून बघत होता. कोस्तांदी म्हणाला, "मीही देतो, पण मला कुणी विचारत नाही." राहिल्या पारस्किवा काकू. सगळ्यांत वयस्कर, आणि आज बहिणीला पोचवून आलेल्या.

"मी शब्द देत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या छातीत पाखरू फडफडतं. खोटं बोलून देवासमोर जाऊ का?"

"काकू..."

"तू थांब. माझी पोरं सात ठिकाणी. थोरल्याला यायला तीन विमानं लागतात, धाकटीला तिचा मालक सोडत नाही. मला रडायला कुणी नाही हे मी मान्य केलंय. उचलायला तरी असू दे. एवढंच मागितलं तर तेही तू इटलीला घेऊन चाललीस."

फिलिमोनच्या तोंडात घास तसाच राहिला. त्याचं तोंड उघडलं, आणि त्यातून काय बाहेर येणार हे राइसाला पंचवीस वर्षांच्या संसारामुळं आधीच कळलं. तिनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. शहरी बूट, टाच टोकदार. त्यानं तोंड मिटलं.

मग काकूंनी राइसाला विचारलं, "तुझ्या त्या इटलीतल्या बायांना शेवटी कोण उचलतं गं?"

"माणसं येतात गाडी घेऊन. चाकावर ठेवून ढकलतात. उचलावं लागत नाही."

"आणि मागून?"

"एकीच्या मागून मी एकटीच चालले होते. तिचा मुलगा निघाला होता, पण त्याला गाडी लावायला जागा सापडली नाही. सापडली तोवर उरकलं होतं."

"तू रडलीस?"

"रडले. चार वर्षं तिला आंघोळ घातली होती मी. रडू नको तर काय करू?"

पारस्किवा काकू बराच वेळ हाताखालचे पावाचे कण एकत्र करत राहिल्या. मग ते मुठीत घेऊन कोंबड्यांकडं फेकले.

"परक्याच्या मागं रडलीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे बाई वाईट नाहीस. ने त्याला. मी थांबते."

"शब्द?"

"शब्द नाही. थांबते म्हटलं ना! पण तोडणीला परत पाठव. मी काही दगड नाही."

फिलिमोन बसमध्ये बसला तेव्हा राइसा पुढं ड्रायव्हरशेजारी, आणि त्याच्या मांडीवर पार्सलं, पायाशी पार्सलं, दोन्ही बाजूंना पार्सलं. मागं वळून हात करायलाही जागा नव्हती.

त्याचा पादोवातला उन्हाळा कसा गेला? चांगला गेला म्हणायचं. टोमॅटोला दोरे बांधायचे, संध्याकाळी राइसाबरोबर बाल्कनीत बसायचं. पहिल्या रात्री ती म्हणाली, "घोरतोस तू अजून," आणि सुखानं झोपली. पण दावं लांब केलं म्हणून गाय मोकळी होत नाही. कुणाचाही फोन वाजला की फिलिमोन उभा राहायचा. त्या शहरात घंटा फार. लग्नाची वाजली तरी याच्या हातातला चमचा खाली. रविवारी तो त्रोहिमला फोन करी आणि त्रोहिम लंगडत जाऊन फोन काकूंच्या कानाला लावी.

"काकू, कशा आहात?"

"आहे अजून. तुझ्यामुळं अडकलेय. काल बहीण स्वप्नात आली, चल म्हणाली. म्हटलं, फिलिमोन इथं नाही, नंतर ये."

"पाखरू?"

"ते ज्या दिवशी तू गेलास त्या दिवसापासून घरटं करून बसलंय. हलत नाही. मेलं कंटाळवाणं झालंय सगळं."

राइसा बाल्कनीतून म्हणायची, "शरीर माझ्याकडं, कान तिकडं. अर्धाच नवरा दिलाय त्यांनी." पण ती रागानं म्हणायची नाही. आणि सप्टेंबरच्या शेवटी, शब्द म्हणजे शब्द, तिनंच त्याला बसमध्ये बसवलं.

गावात आला तर काय? एकही खड्डा नवा नाही. गेराशिमांच्या विधवेनं पिल्लं वाढवून विकली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई आता लांबूनच ओळखून भांडण काढत होती. वेरोनिका काकूंची नात आली नाही, त्या रागावर काकूंनी घराला चुना मारून घेतला. न मरण्याची म्हाताऱ्यांना सवय लागली होती. फिलिमोन आला, द्राक्षं तोडली, पिळली, पिंपात भरली. फावड्याला धार लावून ठेवली. कामाचे बूट दारात. ऑक्टोबर सरत आला आणि घंटावाला घंटेला तेल घालत बसला.

राइसाचा फोन आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"कुणी आजारी?"

"त्रोहिमला सर्दी आहे."

"मग तिथं काय करतोस? ये परत."

"हिवाळा त्यांचा ठरलाय ना. आणि आज निघालो, उद्या कुणी गेलं तर?"

ती म्हणाली, "तुझे हरितगृहाचे बूट माझ्या दारात आहेत. टाकून देऊ का ठेवू?"

"ठेव."

"किती दिवस?"

कुणी मरावं असं तो मनातही आणू शकत नव्हता, आणि कुणी मरत नव्हतं म्हणून त्याला निघताही येत नव्हतं. इतकं अडकल्यासारखं त्याला फेब्रुवारीतसुद्धा वाटलं नव्हतं. तो उठून पारस्किवा काकूंकडं गेला. काकू परसात वाफा खणत होत्या, पायाशी टोपली.

"बरं झालं आलास. वाक. माझी कंबर नाही वाकत."

टोपलीत लसणाच्या पाकळ्या. फिलिमोननं गुडघे टेकले.

"काकू, आत्ता लावलेला लसूण निघतो कधी?"

"जुलैत."

"जुलै?" त्यानं वर पाहिलं. "आणि तोवर तुम्ही?"

"तोवर मी कुठं जातेय, पेरलेलं टाकून? असला आळशीपणा आमच्या घराण्यात नाही. राइसाला सांग, या वर्षी अर्धं पोतं पाठवीन. आणि उलटी लावू नकोस. टोक वर."

फिलिमोननं पाकळी मातीत दाबली. ओळ फाटकापर्यंत लांब होती. त्यानं दुसरी घेतली.